खाजाभाईंचं चौथं

मिरजगावात मुलीची पाठवणी चालली आहे, गाडीच्या डिकीत बॅगा भरून झाल्या आहेत, आणि तरी तिच्या आईचे डोळे कोरडेच आहेत, असं कधी झालं तर भोवतीच्या बायका काळजी करायच्या नाहीत. म्हणायच्या, "थांबा की, अजून चौथं कुठं वाजलंय?" मग खाजाभाई ट्रंपेट ओठाला लावायचे, त्यांचा धाकटा भाऊ अमजद माईक हातात घ्यायचा, आणि नवरीची आई तर सोडाच, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा आरसा नीट करायच्या निमित्ताने डोळे पुसून घ्यायचा.

चौथं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागे. मुसलमानांच्या घरी लग्नानंतर चौथ्या दिवशी नवरी माहेरी येते, त्या रीतीला चौथी म्हणतात. त्यामुळे पुष्कळांना वाटे, हे त्या चौथीचंच काही गाणं असेल. तसं काही नव्हतं. एका रेकॉर्डवरचं ते चौथं गाणं होतं, एवढंच. त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. बँडवाले गाण्याला आपल्या सोयीचं नाव देतात आणि पुढं चालू लागतात.

खाजाभाई न्यू मिलन ब्रास बँडचे मास्तर. हा बँड त्यांच्या वडलांनी सुरू केला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुबके, आणि मे महिन्याच्या उन्हात त्या कोटाच्या आत माणूस कसा उकडून निघतो ते ज्याचं त्याला माहीत. बँडवाल्याला आपल्याकडे कलाकार म्हणत नाहीत, ते जाऊ द्या. पण जेवायलाही त्याला शेवटच्या पंगतीला बसवतात आणि तोवर जिलेबी संपलेली असते. खाजाभाईंनी याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. त्यांना मुळात बोलायचाच कंटाळा. दिवसभरात हा माणूस जेवढं बोलायचा तेवढं इतर लोक चहा मागवताना बोलतात. बायको लग्नानंतर लवकरच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. तेव्हापासून तर ते आणखीच गप्प झाले. जे काही सांगायचं ते ट्रंपेटमधून.

अमजद त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. खाजाभाईंनी त्याला वाढवलं, त्याच्या डोक्याला तेल लावलं, त्याला सायकलवर पुढं बसवून वरातींना नेलं. पोराचा गळा गोड निघाला. बँडच्या हातगाडीवर भोंगे बांधलेले असतात, त्या गाडीच्या कडेने माईकची वायर सांभाळत तो गात चालायचा. बोलण्याच्या बाबतीत दोन्ही भावांच्या वाटणीचं त्याच्याकडेच आलं होतं. नवरदेवाच्या मामापासून घोडेवाल्यापर्यंत सगळ्यांची तो टिंगल करायचा आणि कुणालाही त्याचा राग यायचा नाही.

ती रेकॉर्ड त्यांना भिंगारला मिळाली. तिथं त्यांच्या मामूंचं भंगाराचं दुकान होतं. लष्करातल्या साहेबांच्या बदल्या झाल्या की नको असलेलं सामान मामूंकडे यायचं. ईदला गेलेल्या अमजदला त्या ढिगात एक रेकॉर्ड दिसली. तिला कव्हर नव्हतं, कुणाचा फोटो नव्हता, मधल्या गोल कागदावर काहीबाही इंग्रजी. कागदाचा निळा रंग आवडला म्हणून त्याने ती उचलली. गावात आबासाहेबांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, त्यांच्याकडे रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं. आबासाहेबांनी सुई टेकवली, थोडा वेळ ऐकलं आणि निकाल दिला, "गड्यांनो, ह्या मानसाला सर्दी झालीय. न्हाईतर शेजारच्या खोलीत ह्याचं पोरगं निजलंय."

आबासाहेबांचं अगदीच चुकलं नव्हतं. तो कुणी गोरा माणूस इतक्या हळू गात होता, की आपण चोरून ऐकतो आहोत असं वाटावं. तान नाही, हरकत नाही, ओरडणं नाही. दोन ओळी म्हणायच्या आणि गप्प व्हायचं. मग त्या गप्प जागेत ट्रंपेट यायचा, तोही तसाच हळू. ट्रंपेट थांबला की पुन्हा माणूस. खाजाभाई भिंतीला टेकून उभे होते ते खालीच बसले. ट्रंपेट म्हणजे वरातीच्या पुढं गाव जागं करायचं हत्यार, असं त्यांना वडलांनी शिकवलं होतं. तो असा कानात बोलू शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"भाऊ असनार हे दोघं," खाजाभाई म्हणाले.

"कोन दोघं?"

"गानारा आन वाजवनारा. बघ की, एक बोलतोय तवर दुसरा मदी तोंड घालत न्हाई. एवढी समज भावाभावातच असती."

आता ही चूक कुणी शिकल्यासवरल्या माणसाने केली नसती, पण कुठल्याही बँडवाल्याने नक्की केली असती. वरातीत तास-दोन तास फुंकलेल्या माणसाचे ओठ असे सुजतात, की त्याला धड पाणी पिता येत नाही. तो गाणार कुठून? वाजवणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, ही बँडच्या धंद्यातली इतकी साधी गोष्ट आहे, की तिच्याबद्दल कुणी विचारही करत नाही. अमजदलाही ते पटलं. आबासाहेबांनी कॅसेट भरून दिली आणि त्या दोन गोऱ्या भावांना मिरजगावच्या दोन भावांनी आपले उस्ताद मानलं.

त्यातलं चौथं गाणं अमजदच्या मनात बसलं. इंग्रजी शब्द त्याला लागत नव्हते, म्हणून त्याने आपलेच घातले. शब्द साधेच:

जाताना तू मागं बघ, दार आमी लावनार न्हाई,
तुझ्याबिगर ह्या घराला घर कुनी म्हननार न्हाई.

ह्या दोन ओळी अमजद म्हणायचा, आणि बाकीचा अख्खा बँड, ढोल-ताशासकट, चिडीचूप. मग खाजाभाई एकटे उत्तर द्यायचे. बँडमध्ये नियमच झाला, चौथ्यात कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. ढोलवाला रामहरी सुरुवातीला कुरकुरला होता, "मास्तर, मी काय नुसता हुबा ऱ्हाऊ व्हय?" पण पहिल्याच पाठवणीत नवरीचा बाप, भरभक्कम मिशांचा पैलवान, मंडपाच्या खांबाला धरून रडायला लागला, तेव्हापासून रामहरी चौथ्याच्या वेळी काठ्या काखेत धरून गुमान उभा राहू लागला. श्रीगोंद्यापासून जामखेडपर्यंत लोक सुपारी देतानाच विचारायचे, चौथं म्हणणार ना?

अमजदचं लग्न झालं, हसीना घरात आली, आणि मग उझ्मा झाली. ही पोर बँडच्या मागं मागं वाढली. दुसऱ्यांच्या मुली सासरी निघाल्या की ही इतकी रडायची, की एकदा वरपक्षाने तिलाच नवरीची धाकटी बहीण समजून पाकीट दिलं. त्या दिवशी परत येताना टेम्पोत अमजद म्हणाला, "भाई, हिच्या येळंला चौथं असं करू, की हायवेवरच्या गाड्या थांबतील. कबूल?"

"कबूल," खाजाभाई म्हणाले.

"तीनदा म्हना."

"कबूल, कबूल, कबूल. झालं?" असं म्हणून खाजाभाई चक्क हसले, आणि रामहरीने ते हसणं साऱ्या टेम्पोला बोट करून दाखवलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अमजद गेला. नगरच्या दवाखान्यात होता. आत कुणाला सोडत नव्हते. एका दुपारी तिथल्या सिस्टरने आपल्या फोनवरून फोन लावून दिला. तिला वाटलं असेल, चार शब्द बोलू देत. हसीना ताप येऊन पडलेली, म्हणून फोन खाजाभाईंनी घेतला. पलीकडून शब्द आला नाही. नुसता श्वास येत होता, मास्कच्या आतला, घरघरता. अमजद काहीतरी सांगायला बघतोय हे खाजाभाईंना कळत होतं. ते थांबले. तो बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्याचं सांगून झालं की आपण बोलायचं, अशी वाट बघत ते फोन कानाला धरून उभे राहिले. श्वास येत राहिला, आणि मग फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून कळवलं. मातीलाही जाता आलं नाही.

भावाला शेवटी एक शब्दही आपण बोललो नाही, हे खाजाभाईंना जन्मभर पुरलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. रामहरीला कळलं ते एवढ्यावरून, की फोन वाजला की खाजाभाई तो दुसऱ्याकडे देऊ लागले.

लग्नं पुन्हा सुरू झाली. आता डीजे आणि बेंजोवाल्यांचं राज्य, पण चौथ्यासाठी म्हणून अजून काही घरं न्यू मिलनला बोलवत. लोकांना वाटलं नवा गाणारा आणतील. एक मुलगा आणलाही होता, गळा चांगला होता त्याचा, पण खाजाभाईंना त्याला उत्तर देता येईना. ओठ ट्रंपेटला लागायचे आणि आतून फुंकच यायची नाही. मग ते एकटेच चौथं वाजवायला लागले. अमजदच्या ओळी आल्या की ट्रंपेट खाली घ्यायचा, तेवढा वेळ गप्प उभं राहायचं, आणि मग आपलं उत्तर वाजवायचं. ज्यांनी अमजदला ऐकलं होतं त्यांना त्या गप्प जागेत तो ऐकू यायचा. ज्यांनी ऐकलं नव्हतं ते एकमेकांकडे बघायचे.

आणि मग उझ्माचं ठरलं. ती डी.फार्म. होऊन मिरजगावातच एका मेडिकलमध्ये काम करत होती. मुलगा पुणतांब्याचा, नाव हारिस, स्वभावाने शांत, औषधफवारणीच्या सामानाचं दुकान. बोलणी करायला त्याचे वडील स्वतः आले. फार सभ्य गृहस्थ. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, सामान नको, मानपान नको. मुलगी द्या, बस. फक्त एक विनंती आहे. लग्नात डीजे नको, बाजा नको. आमच्या घरी ते चालत नाही."

पडद्याआड हसीनाच्या हातातली बशी वाजली. बँडमास्तरच्या घरी बसून हा माणूस बाजा नको म्हणत होता, आणि म्हणत होता इतक्या अदबीने, की रागही यावा कसा? खाजाभाईंनी उझ्माच्या दाराकडे बघितलं. हुंडा नको म्हणणारं घर, शांत मुलगा, नदीकाठचं गाव. ते म्हणाले, "मंजूर."

रामहरीने ऐकलं तेव्हा तो तडकलाच. "मास्तर, साऱ्या तालुक्याच्या पोरी वाजवून धाडल्या आपन. आन आपल्या पोरीला मुक्यानं धाडायची? लोक हसतील की!"

"हसू दे," खाजाभाई म्हणाले.

लग्न जवळ आलं. एका सकाळी खाजाभाई ओट्यावर बसून ट्रंपेटला ब्रासो लावत होते. लग्नात न्यायचा नाही, तरी पुसत होते, कारण लग्न जवळ आलं की ट्रंपेट पुसायचा एवढंच त्यांच्या हातांना माहीत. उझ्मा बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"बडे अब्बा, माझ्या वेळेला चौथं नाही?"

"शब्द दिलाय ना बाळा त्यांना."

"अब्बांनाही दिला होता."

खाजाभाईंचा फडका थांबला. पोरीने वर्मावर बोट ठेवलं होतं, आणि ठेवल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती जरा जवळ सरकली.

"त्यांनी बाजा नको म्हटलंय," ती म्हणाली. "गळ्याला कुठं नको म्हटलंय? तुम्ही म्हणा."

"मी? मी न्हाई गात. गानारा तो हुता. मी वाजवनारा. चौथं दोघांचं हाय, उझ्मा. एकट्याचं न्हाई ते."

उझ्माने पदर सावरला. मग मोबाईल काढला, त्यावर काहीतरी शोधलं आणि त्यांच्यापुढं धरला. फोटोत एक तरुण गोरा पोरगा होता. केस नीट मागं वळवलेले, चेहरा रात्रभर झोप न झालेल्यासारखा, आणि हातात ट्रंपेट. तिने बोट लावलं. चौथं सुरू झालं. तोच सर्दी झालेला आवाज, त्याच दोन ओळी, मग ट्रंपेट.

"हा वाजवनारा भाऊ व्हय?" खाजाभाई म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आन गानारा कुठाय?"

"हाच आहे, बडे अब्बा. एकच माणूस आहे हा. हाच गातो आणि हाच वाजवतो. म्हणून तर दोन्ही एकदम येत नाहीत. तोंड एकच आहे ना."

खाजाभाईंनी फोटो बघितला. फोन हातात घेऊन पुन्हा ऐकलं. आता जे ऐकू येत होतं ते त्यांना इतक्या वर्षांत कसं ऐकू आलं नाही, कोण जाणे. गाणारा जिथं श्वास घेत होता तिथंच ट्रंपेटही घेत होता. दोघांचा दम एकच होता. समज-बिमज काही नव्हती तिथं, भाऊ नव्हता, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. एक एकटा माणूस आपणच बोलत होता आणि आपणच स्वतःला उत्तर देत होता.

"अमजदला कळलं असतं तर लई हसला असता," ते शेवटी म्हणाले.

"अब्बांना माहीत होतं."

"कधी?"

"मला पहिला मोबाईल घेतला तेव्हाच. रेकॉर्डवरचं इंग्रजी नाव वाचून मी शोधून दाखवलं होतं. आधी खूप हसले, पोट धरून. मग म्हणाले, भाईला सांगायचं न्हाई. मी विचारलं का, तर म्हणाले, भाईला कळलं तर तो म्हनंल, एकट्याला जमतंय की सगळं. मग त्याला अमजद कशाला लागंल?"

खाजाभाई फोनकडे बघत राहिले. गाणं कधीच संपलं होतं.

"येडा," ते म्हणाले. "मला तो गान्यासाठी लागत हुता व्हय?"

आणि मग तो न बोलणारा माणूस ओट्यावर बसून हुंदके देऊन रडला. उझ्माने त्यांच्या मांडीवरचा ट्रंपेट उचलून बाजूला ठेवला, नाहीतर तो खाली पडला असता. गाणार की नाही, हे तिने पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

निकाह दुपारच्या नमाजनंतर झाला. जेवणं झाली. न्यू मिलनचे सगळे जण आले होते, पण लाल कोटात नव्हे. साध्या शर्ट-पँटीत ते कुणाला ओळखूच येईनात, आणि आयुष्यात प्रथमच पहिल्या पंगतीला बसल्यामुळे त्यांना धड जेवताही येईना. मांडवात भांड्यांचा आवाज होता, पोरांची रडारड होती, आणि त्या सगळ्याच्या वर काहीतरी नसल्याची शांतता होती. येणारा जाणारा खाजाभाईंच्या रिकाम्या हातांकडे बघून घेत होता.

गाडी दाराशी लागली. हसीनाने मुलीला जवळ घेतलं, सोडलं, आणि मग तिला बघवेना म्हणून ती उंबऱ्याच्या आत जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. उझ्मा गाडीत बसली. हारिस बसला. खाजाभाई गाडीपाशी आले. उझ्माच्या बाजूची काच खाली होती, त्या काचेच्या कडेवर त्यांनी हात ठेवला. काहीतरी दुवा देतील असं सगळ्यांना वाटलं.

त्यांनी घसा खाकरला आणि म्हटलं:

"जाताना तू मागं बघ, दार आमी लावनार न्हाई..."

आवाज अमजदचा होता.

थोडाफार सारखा, असं नव्हे. अमजदचाच. तोच खर्ज, 'मागं' वर तोच हलका थरकाप, ओळीच्या शेवटी श्वास सोडायची तीच लकब. एका आईबापाची पोरं ती, गळाही एकच घेऊन आली होती. पण खाजाभाई कधी गायलेच नाहीत, धड बोललेही नाहीत, म्हणून ते कुणाला कळलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. आपल्याच तोंडून भाऊ बाहेर आलेला ऐकून ते क्षणभर अडखळले. रामहरीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा हारिसच्या वडलांनी हात वर करून तिला गप्प केलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

दुसरी ओळ झाली. आता उत्तराची जागा आली. खाजाभाईंनी ओठ मिटले. काचेच्या कडेवरची त्यांची तीन बोटं हलायला लागली, ट्रंपेटच्या कळांवर हलतात तशी, एक वर, दोन खाली. आवाज कसलाच नव्हता. बाकी कुणाला काही समजलं नाही, पण उझ्मा त्या बोटांकडे बघत होती. त्यातला सूर न् सूर तिला पाठ होता. ती तो शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मगच तिने त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. गाडी गेली. कोपऱ्यावर तिने मागं वळून बघितलं. दार उघडंच होतं.

चौथ्या दिवशी, चौथीला, उझ्मा माहेरी आली. चेहरा खुललेला होता. पुणतांब्याची नदी, सासूचं बोलणं, सगळं सांगून झालं आणि मग ती खाजाभाईंना म्हणाली, "बडे अब्बा, एकदा म्हणा ना पुन्हा. घरातल्या घरात. मी मोबाईलवर भरून नेते."

खाजाभाईंना ते हवंच होतं. त्या दिवसापासून ते मनातल्या मनात गातच होते. कुणी नसलं की विहिरीवर जाऊन हळूच एक ओळ म्हणायचे आणि ऐकायचे. दवाखान्याच्या त्या फोनवर जे ऐकायचं राहिलं होतं ते आता त्यांच्याच गळ्यात सापडलं होतं. या वयात, एवढं सगळं झाल्यावर, भाऊ परत मिळाल्यासारखं त्यांना वाटत होतं. त्यांनी घसा खाकरला.

"भाईजान," आतून हसीना म्हणाली.

थोरल्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे. पदर पुढं ओढून ती दारात आली.

"त्या दिवशी तुमी म्हनलात ते चांगलं केलं. पोरीचं तिच्या बापाच्या आवाजात जानं झालं. पन आता नगा म्हनू." तिने दाराची चौकट धरली. "मी पाट फिरवून हुबी हुते. आवाज आला आन मला वाटलं, आलं. सगळं खोटं हुतं, दवाखाना खोटा, फोन खोटा, मानूस दारात आलंय. मी वळले. वळून बघितलं तर तुमी."

तिने पदर आणखी पुढं ओढला.

"मला परत तसं वळायला लावू नगा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

उझ्माने मोबाईल हळूच उलटा करून ठेवला. खाजाभाई हसीनाकडे न बघता, पायाशी बघत बसले. एका बाजूला गळ्यात आलेला भाऊ होता, आणि दुसऱ्या बाजूला त्या भावाची बायको. फार वेळ गेला नाही.

"न्हाई म्हननार," ते म्हणाले.

आणि म्हटलं नाही. घरात नाही, विहिरीवरही नाही. वारा कुठून कुठं जातो आणि कुणाच्या कानावर काय पडतं याचा काय भरवसा, असं ते एकदा रामहरीला म्हणाले. रामहरीला काही संदर्भ लागला नाही.

न्यू मिलन अजून आहे. लग्नं कमी मिळतात, पण मिळतात. पाठवणीला खाजाभाई चौथं वाजवतात. अमजदच्या ओळी आल्या की पूर्वीसारखाच ट्रंपेट खाली घेतात आणि थांबतात. पूर्वी त्या जागेत काही नव्हतं म्हणून ते गप्प असत. आता त्या दोन्ही ओळी घशापर्यंत आलेल्या असतात आणि ते तोंड मिटून त्यांना तिथंच थोपवून धरतात. गळ्याची शीर वर येते, डोळे लाल होतात. लग्नघरच्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा दम संपला. कुणीतरी मायेने पाण्याचा ग्लास पुढं करतं. खाजाभाई तो घेतात, पण पीत नाहीत. अमजदची ओळ संपेपर्यंत नुसता हातात धरून उभे राहतात.